बंद पडलेला घरचा सर्व्हर पुन्हा कसा उभा करावा

सर्व्हर उठत नाही असे दिसले की हात आपोआप बटणाकडे जातो. तो आवरा. डिस्क मरायला टेकलेली असेल तर तिची प्रत्येक सुरुवात शेवटची ठरू शकते. घरचा सर्व्हर म्हणजे बहुतेक घरांत टीव्हीच्या कपाटामागे किंवा माळ्यावर ठेवलेला जुना डेस्कटॉप. त्यात लग्नामुंजीचे फोटो असतात, शेताच्या आरटीसी उताऱ्यांच्या (कर्नाटकातल्या सातबाऱ्यांच्या) स्कॅन प्रती असतात, मुलांची मार्कशीटे असतात. मशीन बाजारात पुन्हा मिळते, हे पुन्हा मिळत नाही. म्हणून पुढचा सगळा क्रम डिस्कला सांभाळून लावला आहे. घाईत पायऱ्या ओलांडू नका.

लागणारे सामान आधी गोळा करा: स्टार स्क्रूड्रायव्हर, साधा डिजिटल मल्टिमीटर, सीआर २०३२ बटण सेल, एक नवी साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी), मऊ ब्रश, पांढरा खोडरबर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह, आणखी एक साधा पेनड्राइव्ह, आणि सर्व्हरमधल्या डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी रिकामी डिस्क. मॉनिटर नसेल तर घरचा टीव्ही एचडीएमआय केबलने जोडा. शेजारच्या संगणकावर उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे डिस्कला हात न लावता ज्यावरून मशीन सुरू होते असा, बनवून ठेवा.

आधी नेमके काय बंद आहे ते पाहा

पुष्कळदा सर्व्हर चालूच असतो आणि फक्त नेटवर्कवर दिसत नाही. राउटर बदलला की सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) बदलतो आणि फोनमधले जुने पत्ते निरुपयोगी होतात. म्हणून टीव्ही जोडून पडदा पाहा. लॉगिनची ओळ दिसत असेल तर मशीन धड आहे, काम राउटरमध्ये आहे.

तसे नसेल तर चारपैकी एक स्थिती असते. अजिबात हालचाल नाही. पंखे फिरतात पण पडदा काळा. पडदा येतो पण डिस्क सापडत नाही. किंवा लिनक्स सुरू होता होता अडकते. आपली स्थिती कोणती ते कागदावर लिहा आणि त्या भागापासून सुरुवात करा.

अजिबात हालचाल नसेल तर: लाइट आणि एसएमपीएस

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात मशीन मरायचे मोठे कारण म्हणजे विजेचे चढउतार. गावाकडे विहिरींच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसते, लाइट जाऊन परत येते तेव्हा झटका बसतो, आणि एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवाच्या पावसात जवळ वीज पडली की तारांतून आत शिरते. म्हणून सुरुवात भिंतीपासून करा. मल्टिमीटर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टवर ठेवून फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्टच्या आसपास मिळते का ते पाहा. मग न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये मोजा. तिथे दोन-तीन व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसत असतील तर अर्थिंग ठीक नाही, आणि हे काम वायरमनचे आहे. जुन्या कौलारू घरांत तीन पिनी सॉकेट असूनही अर्थची तार कुठेच जोडलेली नसते, हे बऱ्याच ठिकाणी सापडते. अशा घरात फेज आणि अर्थ यांमध्येही मोजून पाहा. तिथे २३०च्या जवळपास आकडा न मिळणे ही पक्की खूण आहे.

भिंतीत सगळे ठीक असेल तर प्लग काढून कॅबिनेट उघडा. पहिली नजर किड्यांवर टाका. उबेला मुंग्या आणि पाली एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीतून आत जातात आणि बोर्डावर शॉर्ट करून मरतात. निपाणीकडे तंबाखूची बारीक पूड आणि बेळगावातल्या वडगाव-शहापूरकडे यंत्रमागाचा कापसी तंतू पंख्यांवर घट्ट बसतो. सीपीयूच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पट्ट्यांमध्ये या तंतूची अक्षरशः चादर तयार होते. ती ब्रशने बाहेर ओढून काढा. ब्लोअर वापरत असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा.

आता एसएमपीएस. ते कधीही उघडू नका. २३० व्होल्ट एसीचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जाते आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही तेवढा दाब साठून राहू शकतो. तपासणी बाहेरूनच होते. प्लग लावा, मागचे बटण चालू करा आणि मदरबोर्डला लागलेल्या २४ पिनी जोडणीत मागच्या बाजूने जांभळ्या तारेत मल्टिमीटरची लाल सुई आणि काळ्या तारेत काळी सुई टेकवा. मशीन बंद असतानाही तिथे ५ व्होल्ट असायला हवेत. ते नसतील तर एसएमपीएस गेले आहे.

असतील तर मदरबोर्डवरची पॉवर स्विचची दोन पिनांची छोटी जोडणी काढा आणि त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. मशीन सुरू झाले तर बिघाड फक्त पुढच्या बटणात आहे. त्याच्या जागी साधे पुश बटण लावले तरी चालते.

तरीही शांत असेल तर प्लग काढून २४ पिनी जोडणी बोर्डातून पूर्ण बाहेर घ्या. उघड्या टोकात वाकवलेल्या पेपरक्लिपने हिरवी तार काळ्या तारेला जोडा, ओझे म्हणून एक जुना पंखा लावा आणि मग प्लग घाला. पंखा फिरला तर मोजा: पिवळ्या तारेत १२ व्होल्ट, चालेल ते ११.४ ते १२.६, लाल तारेत ५, चालेल ते ४.७५ ते ५.२५, नारिंगी तारेत ३.३, चालेल ते ३.१४ ते ३.४७. याच्या बाहेर एकही आकडा गेला तर नवे एसएमपीएस घ्या. एक सावधगिरी: तयार ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये काही वेळा जोडणीच वेगळी असते, आणि काही एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्या असतात. तिथे रंगावरून अंदाज बांधू नका. त्या मॉडेलची पिनांची आकृती पाहा. एसएमपीएस हा आकडे ठीक आले तरी ओझ्याखाली बसणारा भाग आहे. म्हणून शंका असेल तर दुसऱ्या मशीनमधले चांगले एसएमपीएस तात्पुरते लावून बघणे हीच सर्वांत खात्रीची चाचणी.

पंखे फिरतात, पडदा काळा

इथे रॅमपासून सुरुवात करा. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या घाटाकडच्या गावांत, हवेत इतका ओलावा असतो की रॅमच्या पिवळ्या पट्ट्यांवर काळपट थर बसतो. प्लग काढून रॅम बाहेर घ्या. खोडरबर पट्ट्यांवर लांबीच्या दिशेने अगदी हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा. जोर दिला तर वरचा सोन्याचा मुलामा घासला जातो. रबराचा कीस ब्रशने झटका, मग अल्कोहोलने भिजवलेल्या सुती कापडाने पुसा आणि वाळू द्या. खाचेतही ब्रश फिरवा. मग एकच रॅम, मदरबोर्डच्या पुस्तकात आधी भरायला सांगितलेल्या खाचेत, दोन्ही बाजूंचे चाप टक् आवाज करून बसेपर्यंत दाबा. रॅम अर्धवट बसलेली असणे हे काळ्या पडद्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. एक रॅम चालली की दुसरी, मग खाच बदलून.

बोर्डाला छोटा स्पीकर लावला तर एक चांगली युक्ती करता येते. सगळ्या रॅम काढून मशीन सुरू करा. बोर्ड बीप-बीप करून तक्रार करत असेल तर बोर्ड आणि सीपीयू जिवंत आहेत, दोष रॅममध्ये शोधा. काहीच आवाज नसेल तर संशय बोर्ड, सीपीयू किंवा एसएमपीएसवर जातो. त्याच वेळी बोर्डवरचे उभे कपॅसिटर पाहा. डोके फुगलेले किंवा तपकिरी द्रव सांडलेला असेल तर बोर्ड दुरुस्तीला जाईल.

मग बटण सेल. प्लग काढून सेल बाहेर घ्या आणि मोजा. नव्या सेलमध्ये ३ व्होल्टपेक्षा थोडे जास्त असतात, २.७च्या खाली असेल तर बदला. सेल काढून १० मिनिटे थांबला की बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ, सेटिंग्ज पुसल्या जातात आणि कधी कधी तेवढ्यानेच पडदा उजळतो. मात्र याची किंमत पुढे मोजावी लागते: तारीख मागे जाते, बूटचा क्रम बदलतो, साटाचा मोड (बोर्डाने डिस्क वाचण्याची पद्धत) एएचसीआयवरून रेडवर किंवा उलट होऊ शकतो. तारीख चुकली की लिनक्स ‘फाइल सिस्टीम भविष्यात वापरली गेली’ अशी तक्रार करते आणि वेबसाइटांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांचाही घोळ होतो. म्हणून पडदा आला की पहिल्यांदा तारीख लावा.

वळवाच्या विजेनंतर आणखी एक गोष्ट दिसते. झटका बहुधा लॅनच्या (नेटवर्कच्या) तारेतून येतो आणि बोर्डवरचे लॅन पोर्ट जळते, बाकी बोर्ड धड राहतो. बायोसमध्ये ते पोर्ट बंद करा आणि नवे लॅन कार्ड लावा. पण कार्ड लावल्यावर लिनक्समधले नेटवर्क पोर्टचे नाव बदलते, जुनी सेटिंग त्याला लागू होत नाही आणि सर्व्हर पुन्हा ‘गायब’ होतो. ‘आयपी लिंक’ (ip link) या आज्ञेने नवे नाव पाहून नेटवर्कच्या सेटिंग फाइलमध्ये ते लिहा.

पडदा आहे, डिस्क नाही

बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर साटा केबल बदला, दुसऱ्या पोर्टात लावा, पॉवरची जोडणीही दुसरी वापरून बघा. डिस्कमधून ठराविक लयीत कट-कट असा आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा आणि पुन्हा लावू नका. आतली सुई तबकडीवर घासत असू शकते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला कानावर येईल, तो टाळा. आपल्याकडच्या दमट हवेत ती बाहेर काढताच आत पाणी धरते. अशा डिस्कचा डेटा हवा असेल तर तो डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

आवाज नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि ‘स्मार्टसीटीएल’ (smartctl) या आज्ञेने डिस्कची तब्येत वाचा. चार ओळी पाहायच्या: क्रमांक ५, १९७, १९८ आणि १९९. पहिल्या तिघांमध्ये शून्यापेक्षा मोठा आकडा असेल आणि तो वाढत असेल तर तबकडी खराब होत आहे. १९९ मात्र डिस्कचा दोष दाखवत नाही. तो आकडा वाढतो तेव्हा चूक केबलच्या संपर्कात असते. पुष्कळ चांगल्या डिस्क केवळ ही ओळ न वाचल्यामुळे भंगारात जातात.

शंका असेल तर दुरुस्तीला हात घालण्याआधी प्रत काढा. ‘डीडीरेस्क्यू’ (ddrescue) हे साधन खराब जागा सोडून आधी चांगला भाग वाचते आणि मग खराब जागांकडे वळते. कुठून कुठे नक्कल करायची ते डिस्कच्या सीरियल क्रमांकावरून दोनदा तपासा. उलटे झाले तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाईल. मॅप फाइल देणे कधीही विसरू नका, कारण लाइट गेली तर त्याच फाइलमुळे काम जिथे थांबले तिथून पुढे चालते. ही फाइल दुसऱ्या, साध्या पेनड्राइव्हवर ठेवा. धड १ टीबी डिस्कला सेकंदाला १०० एमबी वेगाने साधारण पावणेतीन तास लागतात, ४ टीबीला ११ तास. खराब डिस्कला दिवस लागू शकतो. ही वेळ यूपीएसवर काढता येत नाही. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्यावर मशीन घ्या.

पुढची सगळी दुरुस्ती या प्रतीवर करा. ‘फोटोरेक’सारखी साधने शेवटी ठेवा. ती फाइली परत आणतात पण नावे गमावतात. ‘आरटीसी उतारा’ म्हणून ठेवलेली फाइल मग एफ आणि लांबलचक आकडा अशा नावाने हजारो फाइलींमध्ये शोधावी लागते. फाइल सिस्टीम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) दुरुस्त झाली तर नावे, मराठी-कन्नड अक्षरांसकट, तशीच राहतात.

दोन-तीन डिस्कांचा रेड (एकत्र जोडलेला संच) असेल तर प्रत्येक डिस्कवर मार्करने क्रमांक घाला. लिनक्सच्या ‘एमडीएडीएम’ने (mdadm) तो फक्त ‘असेंबल’ करा. ‘क्रिएट’ हा शब्द कुणी सुचवला तर थांबा, त्याने जुनी मांडणी पुसून नवी होते.

लिनक्स मध्येच अडकते

‘इमर्जन्सी मोड’ दिसला की पहिला संशय ‘एफएसटॅब’ (/etc/fstab) फाइलवर घ्या, सुरुवातीला कोणत्या डिस्क जोडायच्या ते तिच्यात लिहिलेले असते. तिथे लिहिलेली एखादी डिस्क आता नाही, म्हणून सिस्टीम तिची ९० सेकंद वाट पाहते आणि मग अडून बसते. लाइव्ह पेनड्राइव्हवरून ती फाइल उघडा आणि डेटा डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ (nofail) हा पर्याय जोडा. त्यानंतर ती डिस्क नसली तरी सर्व्हर उठेल. मूळ सिस्टीमच्या डिस्कच्या ओळीला मात्र हा पर्याय लावू नका.

‘ग्रब रेस्क्यू’ दिसत असेल तर बूटची माहिती हरवली आहे. ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. लाइव्ह पेनड्राइव्ह ज्या मोडमध्ये मूळ सिस्टीम बसवली होती त्याच मोडमध्ये, म्हणजे यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) असेल तर यूईएफआयमध्येच, सुरू करा. सिस्टीमचा भाग माउंट करा (म्हणजे एखाद्या फोल्डरवर जोडा), ईएफआयचा छोटा फॅट ३२ भाग त्याच्या ‘बूट ईएफआय’ फोल्डरवर माउंट करा, ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’ (dev, proc, sys) आत जोडा, ‘सीएचरूट’ने (chroot) आत जा आणि ‘ग्रब-इन्स्टॉल’ (grub-install) व ‘अपडेट-ग्रब’ (update-grub) चालवा. नव्या कर्नलनंतर (लिनक्सच्या गाभ्याच्या नव्या आवृत्तीनंतर) अडकत असेल तर ग्रबच्या यादीतून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन जुना कर्नल निवडा. बूटचा भाग जुन्या कर्नलांनी भरून गेल्यामुळेही हे होऊ शकते. नको असलेले कर्नल काढा.

फाइल सिस्टीम तपासणीची ‘एफएससीके’ (fsck) आज्ञा चालवायची ती डिस्क माउंट नसतानाच. माउंट असताना चालवली तर डेटा खराब होऊ शकतो.

उठल्यानंतर

बायोसमध्ये लाइट परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याचा पर्याय शोधा. सेल बदलताना तो पुसला गेला असणार. यूपीएसची बॅटरी बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची असते आणि दोन-तीन वर्षांत संपते. सर्व्हर चालू असताना यूपीएसचा प्लग काढून ती किती मिनिटे टिकते ते घड्याळ लावून पाहा, आणि अर्धी वेळ झाली की मशीन आपोआप व्यवस्थित बंद होईल अशी यूपीएसच्या यूएसबी तारेची जोडणी करा. मग मॉनिटर काढून घ्या, भिंतीचे बटण बंद करा, मशीन आणि यूपीएस दोन्ही बंद पडेपर्यंत थांबून चालू करा आणि कुठेही हात न लावता बैठकीत बसून फोनवर एक जुना फोटो उघडून पाहा.