क्लच प्लेट खरंच गेली का? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं तपासा

नागपूर सपाट आहे, त्यामुळे इथे क्लचचं दुखणं लवकर कळत नाही. झिजत आलेला क्लच सदर ते मनीषनगर अशा रोजच्या फेऱ्यांत महिनोन्‌महिने निमूट चालतो, आणि सुट्टीत पाच माणसं नि सामान भरून चिखलदऱ्याचा घाट लागला की हात टेकतो. इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही. याच्या उलट प्रकारही होतो. गिअर अडतो म्हणून गाडी गॅरेजला न्यावी, मेकॅनिकने दोनदा पेडल दाबून पाहावं आणि "भाऊ, प्लेट गेली, सेट टाका लागते" म्हणून मोकळं व्हावं. दोष मात्र केबलमध्ये असतो. सेट (प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग) बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं, आणि बिलात मजुरीच भारी पडते. म्हणून गाडी देण्याआधी अर्धा तास स्वतः काढा. पान्याला हात लावायची गरज नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा-सोडवणारा क्लच दोनच तऱ्हांनी बिघडतो: एक तर नीट पकडत नाही, म्हणजे घसरतो, नाहीतर पेडल दाबल्यावर नीट सोडत नाही. पकडत नसेल तर दोष बहुतेक वेळा आत असतो, म्हणजे प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट किंवा प्लेटवर आलेलं ऑइल. सोडत नसेल तर आधी बाहेर शोधायचं: पेडल, केबल किंवा हायड्रॉलिक (केबलऐवजी ऑइलच्या दाबाने चालणारी यंत्रणा). पुढची सगळी तपासणी हेच ठरवण्यासाठी आहे.

1. सुरुवात पेडलपासून

आधी मॅट बघा. हसू नका, जाड रबरी मॅट सरकून पेडलखाली दुमडली की पेडल पूर्ण खाली जात नाही आणि गिअर कर्रकर्र करू लागतो.

मग इंजिन बंद ठेवून पेडल हाताने दाबा. सुरुवातीची थोडी चाल अगदी हलकी लागली पाहिजे, यालाच फ्री प्ले म्हणतात. केबलच्या गाड्यांत तो साधारण 10 ते 25 मिलिमीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा. फ्री प्ले अजिबात नसेल तर क्लच सतत थोडा दाबलेलाच राहतो, म्हणून घसरतो आणि रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) खातो. अशा वेळी नुसत्या ॲडजस्टमेंटने काम भागू शकतं. फ्री प्ले फार जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही.

पेडल जड झालं असेल तर केबल सुकली असेल किंवा तिची तार आतून तुटत आली असेल. पण प्लेट खूप झिजली तरी पेडल जड होतं, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नका.

हायड्रॉलिक क्लच असेल तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा. बऱ्याच गाड्यांत क्लचलाही त्याच डबीतून ऑइल जातं. पातळी उतरली असेल तर गळती शोधा: पेडलच्या वरच्या बाजूला ओल आहे का, गिअरबॉक्सजवळच्या सिलिंडरवर ओघळ आहे का. पेडल मऊ लागतं, पण दोन-तीनदा भराभर पंप केल्यावर गिअर लोण्यासारखा पडतो? मग लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडर गेला आहे. इथे प्लेटचा काही संबंध नाही. काही गाड्यांत मात्र हा सिलिंडर गिअरबॉक्सच्या घंटेत (क्लच झाकणाऱ्या घंटेच्या आकाराच्या भागात) बसवलेला असतो, तिथे गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

2. क्लच सोडतो का?

सपाट जागी, हँडब्रेक ओढून इंजिन सुरू करा. न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबा, मनात पाच-सात आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. एवढं थांबल्यावर आतला शाफ्ट शांत व्हायला हवा. तरी कर्र वाजलं तर क्लच ओढतोय, पूर्ण सुटत नाही.

आता इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर सगळे सहज पडतात आणि सुरू इंजिनवर अडतात, तर दोष क्लच सुटण्यात आहे. बंद इंजिनवरही अडत असतील तर गिअरची केबल किंवा लिंकेज तपासायला सांगा. आणि धावत्या गाडीत एकच गिअर, समजा दुसरा, वाजत असेल नि बाकीचे ठीक असतील तर तो गिअरबॉक्सच्या सिंक्रोचा (गिअर न वाजता जुळवणाऱ्या भागाचा) प्रश्न आहे. नवा क्लच टाकूनही तो वाजतच राहील.

पावसाळाभर एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनच्या टोकाच्या जड चाकाला) चिकटू शकते, तेव्हाही हीच लक्षणं दिसतात.

3. क्लच घसरतो का?

हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच चांगला, ही चाचणी बहुतेकांना माहीत असते. माझं तिच्याबद्दल फारसं बरं मत नाही. पार कामातून गेलेला क्लच ती पकडते, पण अर्धवट झिजलेला तिच्यातून पास होतो. शिवाय पुन्हा पुन्हा केली तर चांगला क्लचही तापतो. करायचीच तर एकदा, समोर मोकळी जागा ठेवून.

खरी परीक्षा रस्त्यावर, गाडी चांगली गरम झाल्यावर. थंड क्लच बऱ्याचदा नीट पकडतो, त्यामुळे सकाळी गेटबाहेर घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही. मिहानकडचे रुंद रस्ते पहाटे मोकळे असतात. तिथे ताशी 40-50 च्या वेगाने चौथ्या गिअरमध्ये जा आणि ॲक्सिलरेटर एकदम खोल दाबा. आरपीएमचा काटा उसळला आणि वेग मागे राहिला, की क्लच घसरला. साध्या मॉडेलमध्ये काटा नसतो, तिथे कान ठेवा: आवाज चढतो, गाडी चढत नाही. खात्री करायची तर घरच्या मंडळींना बसवून सेमिनरी हिल्सचा चढ घ्या. वजन आणि चढ एकत्र आले की क्लचला लपवाछपवी जमत नाही.

जळका वास एकदा आला म्हणजे क्लच गेला असं नाही. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना व्हरायटी चौकातल्या जाममध्ये हाफ क्लचवर गाडी सरकवत राहिलात, तर वास येणारच. गाडी निवांत चालू असतानाही वास येत असेल तर वेळ घालवू नका.

4. आवाज आणि थरथर

गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन सुरू. क्लच दाबल्यावर घरघर सुरू होते आणि सोडल्यावर थांबते, तर रिलीज बेअरिंग. उलट, सोडलेल्या क्लचवर आवाज आहे आणि दाबला की गप्प, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. ही गफलत गॅरेजातही होते, म्हणून गाडी देताना आवाज नेमका कधी येतो ते स्पष्ट सांगा.

पहिल्या गिअरमध्ये निघताना गाडी थरथरत असेल तर आधी इंजिन माउंटिंग तपासून घ्या, ते स्वस्तात होतं. मग प्लेटवरच्या ऑइलचा किंवा फ्लायव्हीलचा संशय घ्या.

5. गिअरबॉक्स उतरवलाच तर

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. पैसे वाचवायला जुनं बेअरिंग ठेवलं आणि पुढे ते वाजलं, तर तीच मजुरी पुन्हा भरावी लागते. इंजिनचा मागचा ऑइल सील आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तेव्हाच बघून घ्यायला सांगा. जमल्यास त्या वेळी गॅरेजात थांबा, आणि जुनी प्लेट मागून घ्या. लायनिंग (प्लेटवरचा घासणारा थर) बसवणारे रिव्हेट पृष्ठभागाच्या बरोबरीला आले असतील तर ती झिजूनच गेली. ऑइलने माखली असेल तर गळती बंद केल्याशिवाय नवी बसवू देऊ नका. फ्लायव्हीलवर निळसर डाग म्हणजे तो फार तापला होता. आणि प्लेट कोरडी, लायनिंग जाड, स्प्रिंगा घट्ट, प्रेशर प्लेटही धड असेल, तर बिल देण्याआधी मेकॅनिकला विचारा की मग बदललं कशासाठी.