घरच्या मशीनवरचा कोड-सर्व्हर बाहेरून वापरायचाय? आधी हे करा

कोड-सर्व्हर म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारा व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर), घरच्या जुन्या डेस्कटॉपवर टाकला की टॅबवरून पण काम होतं. पण त्यात टर्मिनल (मशीनला थेट कमांड द्यायची खिडकी) असतं हे विसरू नका, म्हणजे जो आत शिरला त्याच्या हातात तुमचा कोड, गिटच्या की, डॉट ईएनव्ही फाइलमधले पासवर्ड सगळंच. त्यामुळे राउटरवर कोड-सर्व्हरचा ८०८० पोर्ट उघडून मोकळं होणं, हे प्लीज करू नका.

सगळ्यात आधी एक वेगळा युजर बनवा, त्याला सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) देऊ नका, आणि कोड-सर्व्हर त्याच युजरखाली चालवा.

मग कॉन्फिग फाइल उघडून बाइंड अ‍ॅड्रेस, म्हणजे तो कुठल्या पत्त्यावर ऐकतो ते, १२७.०.०.१:८०८० (फक्त हेच मशीन) आहे ना ते बघा. मुळात तसाच असतो, पण बाहेरून दिसत नाही म्हणून लोक तो ०.०.०.० (सगळ्या नेटवर्कना खुला) करतात आणि घोळ तिथेच होतो. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं टूल) चालवणाऱ्यांनी तर जास्तच जपा, पोर्ट देताना पुढे १२७.०.०.१ लिहाच, कारण डॉकर स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्समध्ये (लिनक्सचा मूळ फायरवॉल) टाकतो आणि यूएफडब्ल्यूने (उबुंटूचा सोपा फायरवॉल) बंद केलेला पोर्ट पण उघडा राहतो. माझं हेच झालं होतं, यूएफडब्ल्यू स्टेटसमध्ये सगळं बंद दिसत होतं आणि मोबाइल डेटावरून बघितलं तर समोर लॉगिन पेज!

आता खरा प्रश्न, वापरणारे तुम्ही एकटेच आहात का? मग वेबवर उघडूच नका. वायरगार्ड किंवा टेलस्केल असं व्हीपीएन टाका, नाहीतर एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) टनेल करून लॅपटॉपचा ८०८० सर्व्हरच्या ८०८० ला जोडा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट उघडा. लोकलहोस्टला ब्राउझर सुरक्षित मानतो, त्यामुळे साध्या एचटीटीपीवर अडणारे क्लिपबोर्ड, प्रीव्ह्यू वगैरे पण नीट चालतात. एसएसएच मात्र फक्त की-फाइलवर ठेवा, पासवर्ड लॉगिन बंद. आणि बंद केल्यावर खरंच बंद झालं का ते तपासा, उबुंटूच्या क्लाउड इमेजमध्ये वेगळ्या फोल्डरातली एक छोटी फाइल ते परत चालू करून ठेवते.

कॉलेजच्या लॅबमधून वगैरे, जिथे काही इन्स्टॉल करता येत नाही, तिथे डोमेन लागणारच. त्यासाठी कॅडी हा वेब सर्व्हर घ्या, डोमेनचं नाव आणि रिव्हर्स प्रॉक्सीची (बाहेरची रिक्वेस्ट आत कोड-सर्व्हरकडे पाठवायची) एक ओळ एवढंच लिहायचं, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट तो स्वतः आणतो आणि रिन्यू पण करतो. राउटरवर फक्त ८० आणि ४४३ फॉरवर्ड करा. "माझं सबडोमेन कोणाला माहीतच नाही" यावर विसंबू नका, सर्टिफिकेट निघालं की ते नाव सार्वजनिक लॉगमध्ये जातं आणि बॉट ते लॉग वाचत बसलेले असतात. कोड-सर्व्हरच्या लॉगिनला एकच पासवर्ड आहे, ओटीपी नाही, म्हणून पुढे ऑथेलियासारखं वेगळं लॉगिन-टूल लावून टू-फॅक्टर (पासवर्डसोबत ओटीपी) चालू कराच.

राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक आयपी अनेकांना वाटलाय, पोर्ट फॉरवर्डिंग चालणारच नाही, उगाच रात्र घालवू नका. तिथे क्लाउडफ्लेअर टनेल चालतं, कारण कनेक्शन तुमच्या मशीनकडून बाहेर जातं आणि घरचा एकही पोर्ट उघडावा लागत नाही. फक्त आधी क्लाउडफ्लेअरच्या अ‍ॅक्सेसची पॉलिसी (कोणाला आत सोडायचं तो नियम) लावा, मगच डोमेन जोडा, हा क्रम उलटा झाला तर मधल्या वेळात दार उघडं.

शेवटी वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून, इनकॉग्निटोमध्ये, डोमेन आणि घरचा आयपी:८०८० दोन्ही टाकून बघा. पहिल्यावर टू-फॅक्टर विचारलं पाहिजे, दुसरं उघडताच कामा नये. उघडलं तर आधी मशीनची नेटची वायर काढा आणि बाइंड अ‍ॅड्रेसपासून परत तपासा.