पॅरलल कोडचं उत्तर दर वेळी वेगळं येतंय? आधी बेरीज बघा

एकच काम अनेक कोअरवर वाटून करायला एमपीआय (वेगळ्या प्रोसेस एकमेकींना मेसेज पाठवतात) आणि ओपनएमपी (एकाच प्रोग्रामचे थ्रेड एकच मेमरी वापरतात) असतं ते तुम्हाला माहीत असेलच, अमडालचा नियमही (१९६७) वाचला असेल, म्हणजे ५ टक्के काम सिरियल (वाटता न येणारं, एकापाठोपाठ एक करायचं) राहिलं तर कितीही कोअर लावा, वेग २० पटीच्या वर जात नाही वगैरे. ते कोर्समध्ये येतंच. जे कोणी धड सांगत नाही आणि ज्यात माझे कितीतरी आठवडे गेले ते म्हणजे बेरीज.

हो, साधी बेरीज. कोड ४ प्रोसेसवर चालवला की एक उत्तर, १६ वर चालवला की शेवटचे आकडे बदललेले. मी रेस कंडिशन (दोघं एकाच वेळी एकाच डेटावर लिहितात तो बग) शोधत बसलो, जिथे तिथे बॅरिअर (सगळे पोचेपर्यंत थांबा, असा टप्पा) टाकले, काही फरक नाही. कारण फ्लोटिंग पॉइंटमध्ये संख्या ठरावीक अंकांपुरतीच साठते, उरलेलं राउंड होतं, म्हणून क्रम बदलला की बेरीज बदलू शकते. डबलमध्ये (६४ बिटांचा फ्लोटिंग पॉइंट) १ वर १६ शून्यं एवढी संख्या घ्या, तिच्यात १ मिळवा, मग तीच संख्या वजा करा, उत्तर ० येतं. आधी वजा करून मग १ मिळवा, १ येतं. रिडक्शनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या बेरजा एकत्र करताना, प्रोसेस वाढल्या की कोण कोणात आधी मिळवलं जातं तेच बदलतं, आणि ओपनएमपीत तर थ्रेड तेवढेच ठेवले तरी क्रमाची गॅरंटी नाही. रेणूंच्या सिम्युलेशनमध्ये हाच बारीक फरक वाढत जाऊन अणू भलतीकडेच पोचतात, तिथे एकेका अणूची जागा ताडून बघू नका, ऊर्जा नि सरासऱ्या बघा.

पण म्हणून प्रत्येक फरक राउंडिंगच्या माथी मारू नका!! खरा बग असाच लपतो. बेरजेचा भाग तपासताना ॲरेत छोटे पूर्णांक भरा. एकूण बेरीज २ च्या ५३ व्या घातापर्यंत असेल तर ती डबलमध्ये अचूकच येते, क्रम कुठलाही असो. तरीही उत्तर हललं तर दोन थ्रेड एकाच व्हेरिएबलवर लिहितायत किंवा डेटा वाटतानाच एखादा तुकडा सुटलाय.

दिसला लूप की चिकटव प्रॅग्मा (हा लूप थ्रेडमध्ये वाट, असं कंपायलरला सांगणारी ओळ), हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. आणि पहिल्याच मीटिंगला स्पीडअप (वेग किती पट वाढला) विचारणाऱ्या गाइडपेक्षा 'सिरियलशी ताडून पाहिलंस का' विचारणारा गाइड शोधा, खरंच.

कोअर वाढवल्यावर कोड उलट हळू झाला तर घाबरू नका, सुरुवातीला खूप जणांचा होतो. बरेचदा प्रॉब्लेम लहान असतो आणि सगळा वेळ मेसेज पाठवण्यातच जातो. ग्रिड, म्हणजे प्रॉब्लेमचा आकार, मोठा करून पुन्हा मोजा, प्रोफाइलर (वेळ कुठे जातो ते दाखवणारं टूल) त्यानंतर लावा.