केंद्रकातल्या गुणसूत्रांची जागा ठरवताना या चुका टाळा

कॅरिओटाइपमधल्या, म्हणजे गुणसूत्रं जोडीने मांडलेल्या चित्रातल्या, आखूड, जाड गुणसूत्रांची सवय झालेल्या विद्यार्थ्याला फिशची (FISH, चमकत्या रंगाने ठरावीक डीएनए दाखवणारी पद्धत) पहिली स्लाइड गोंधळात टाकते. अख्ख्या गुणसूत्राचा प्रोब, म्हणजे त्याच्या डीएनएला चिकटणारे रंगीत तुकडे, लावला तरी दिसतो तो रंगाचा एक धूसर डाग. प्रयोग बिघडलेला नसतो. पेशी विभागत नसते तेव्हा गुणसूत्र सैलावतं, पण केंद्रकभर पसरत नाही. आपल्यापुरता प्रदेश धरून राहतं.

खरा घोळ होतो स्लाइड बनवताना. मिथेनॉल-ॲसेटिक आम्लात फिक्स करून (आहे त्या स्थितीत गोठवून) पेशी काचेवर सोडल्या की केंद्रक चपटं होतं. गुणसूत्रं मोजायला ही पद्धत उत्तम, जागा ठरवायला मात्र दगा देते. केंद्रकाच्या वरच्या पडद्याला चिकटलेलं गुणसूत्र त्यात मधोमध भासतं, आणि एकाखाली एक असलेली दोन गुणसूत्रं शेजारी वाटतात. पेशी वाळू न देता पॅराफॉर्माल्डिहाइडने फिक्स करा आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली थराथराने चित्रं घ्या. वेळ जातो, पण इथे घाई नकोच.

दुसरी चूक म्हणजे एका पेशीचा नकाशा दुसरीवर लादणं. माणसाच्या लिम्फोसाइटमध्ये (एक प्रकारची पांढरी रक्तपेशी) जनुकांनी विरळ असलेलं १८ क्रमांकाचं गुणसूत्र बहुधा कडेला असतं आणि जनुकांनी गच्च भरलेलं १९ मध्याकडे. फायब्रोब्लास्ट या संयोजी ऊतीतल्या पेशीचं केंद्रक मुळातच पसरट. तिथे लहान गुणसूत्रं मध्याजवळ जमतात, त्यामुळे १८ सुद्धा आत सापडतं. अशा वेळी प्रोब बदलत बसू नका, आधी पेशी कोणती आहे ते पाहा.

‘हेटरोक्रोमॅटिन (गुणसूत्रांचा घट्ट गुंडाळलेला, बहुतांशी निष्क्रिय भाग) कडेलाच असतं’ हेही सरसकट खरं नाही. उंदराच्या दृष्टिपटलातल्या रॉड पेशींत ते केंद्रकाच्या मध्यभागी गोळा होतं, आणि सक्रिय जनुकं कडेला येतात. हेटरोक्रोमॅटिनला पडद्याशी बांधून ठेवणारी लॅमिन ए/सी आणि लॅमिन बी रिसेप्टर ही प्रथिनं तिथे नसतात. ही उलटी मांडणी २००९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यामुळे प्रकाश कमी विखुरतो हेही दाखवलं गेलं. निशाचर सस्तन प्राण्यांना ते उपयोगीच. मला तर या विषयातलं सर्वांत सुंदर उदाहरण हेच वाटतं.

आणि एका देखण्या केंद्रकावर निष्कर्ष बेतू नका. एकाच प्रकारच्या दोन पेशींतही शेजार बदलतो. पुष्कळ केंद्रकं मोजा, मध्यापासूनचं अंतर प्रत्येक केंद्रकाच्या आकारमानाच्या प्रमाणात काढा आणि सरासरीसोबत त्याची व्याप्तीही नोंदवा.