आधी सिलेक्शन सोडा! फोटोशॉपमधल्या या चुका टाळा

नारायण पेठेत मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते. दर लग्नसराईला दोन-तीन नवी मुलं हाताखाली येतात. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये शंभर शॉर्टकटची एक पीडीएफ असतेच, आणि पहिल्या दिवशी कीबोर्डवर बोटं अशी पळतात की वाटावं, याला काय शिकवायचं राहिलंय? मग मी विचारते, "आत्ता या घडीला काय सिलेक्ट आहे?" मुलगा स्क्रीनकडे बघत बसतो. गेल्या पंधरवड्यात हा प्रश्न चार वेळा विचारून झाला, म्हणून हे लिहून काढतेय.

लपलेलं सिलेक्शन

फोटोचा एखादा भाग निवडला, म्हणजे सिलेक्शन केलं, की त्याच्या कडेने मुंग्या (सरकती तुटक रेघ) चालू लागतात. त्यांच्यामुळे कडेचा टोन नीट दिसत नाही, म्हणून कंट्रोल-एच दाबून त्या लपवतात. मीही लपवते. पण मुंग्या दिसेनाशा झाल्या तरी सिलेक्शन जागचं हलत नाही, आणि पुढे जे काही कराल ते त्या कुंपणाच्या आतच होतं. ब्रश फिरवला तरी रंग लागत नाही, डिलीट दाबलं तरी काही पुसत नाही. मग "ताई, फोटोशॉप हँग झालं" अशी हाक येते.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातलं सांगते. बारा बाय छत्तीस इंचांची शीट, ३०० रिझोल्यूशन (इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे १०,८०० पिक्सेल रुंद. उजव्या टोकाला आजी, डाव्या टोकाला नवरदेव. तीन महिने काम शिकलेला एक हुशार मुलगा रात्री त्यावर बसला होता. त्याने आजींचा चेहरा थोडा उजळायला म्हणून लॅसोने (हाताने कड काढून निवडायचं टूल) निवडला, मुंग्या लपवल्या, काम नीट केलं. मग झूम करून डाव्या टोकाला गेला आणि नवरदेवाचा जोधपुरी उजळायला कंट्रोल-एम दाबून उजेड कमी-जास्त करायचं कर्व्ह्ज उघडलं. रेषा वर ओढली, काही फरक नाही. आणखी ओढली, तरी नाही. मॉनिटर दमला असेल असं समजून ओके केलं, पुन्हा एकदा तसंच केलं, शीट फ्लॅटन करून (सगळे थर एकत्र करून) जेपेग लॅबला पाठवून दिली. तो सगळा उजेड दहा हजार पिक्सेल पलीकडे आजींच्या चेहऱ्यावर पडत होता, स्क्रीनच्या बाहेर.

अल्बम बांधून आला तेव्हा मुलीच्या आईने माझ्या टेबलावरच उघडला. त्या पानावर आल्या आणि आजींच्या चेहऱ्यावरून हलकेच बोट फिरवलं, काही चिकटलंय का ते बघावं तसं. नाक-डोळे पुसट, कपाळ आणि पांढरे केस एकच झालेले, नथीचे तेवढे मोती ओळखू येत होते. त्या बाई रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. करिझ्मा अल्बमच्या बांधणीत शीट पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या असतात, मधली एक काढून बदलता येत नाही. अख्खा अल्बम माझ्या खर्चाने पुन्हा केला. मुलाला मी बोलले नाही. लॅबला जाणारी प्रत्येक शीट शंभर टक्के झूमला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघायचं काम माझं होतं आणि त्या रात्री मी ते केलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे कर्व्ह्ज, लेव्हल्स काहीही उघडण्याआधी कंट्रोल-डी दाबून सिलेक्शन सोडायचं. सिलेक्शन असो वा नसो, दाबायचं. चुकून हवं असलेलं सिलेक्शन गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून शेवटचं परत येतं, त्यामुळे सोडायला घाबरायचं कारण नाही. दुसरी सवय म्हणजे थेट कंट्रोल-एम न वापरता, मूळ फोटोला हात न लावता वर वेगळा थर म्हणून कर्व्ह्जचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्यायचा. सिलेक्शन जिवंत असेल तर त्या लेयरला आपोआप त्याच आकाराचा मास्क (थराचा कुठला भाग दिसेल ते ठरवणारं झाकण) लागतो. लेयर पॅनेलमध्ये काळ्या चौकोनात छोटासा पांढरा ठिपका दिसला, की चूक तिथल्या तिथे कळते. "ताई, लेयरने फाइल जड होते," असं मुलं म्हणतात. होऊ दे जड.

मराठी कीबोर्ड आणि ऑल्ट-शिफ्ट

ही चूक पीडीएफमध्ये सापडणार नाही, कारण ती आपल्यासारख्या मराठीत टाइप करणाऱ्यांच्याच वाट्याला येते. पत्रिकेचा किंवा अल्बमच्या पहिल्या पानाचा मजकूर टाइप करण्यासाठी विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड घातलेला असतो. तो चालू राहिला तर बी दाबून ब्रश येत नाही, व्ही दाबून मूव्ह टूल येत नाही. हे बहुतेकांना एव्हाना कळलेलं असतं. पण "मी तर इंग्रजीच ठेवला होता, आपोआप कसा बदलला?" हे कोडं सुटत नाही.

फोटोशॉपमध्ये दोन सिलेक्शनचा सामाईक भाग ठेवायचा असेल तर शिफ्ट आणि ऑल्ट एकत्र धरून दुसरं सिलेक्शन करतात. विंडोजमध्ये भाषा बदलण्याची जुनी जोडीही डावा ऑल्ट आणि शिफ्ट हीच. बोटं उचलताना जरा मागेपुढे झालं की भाषा बदलते. टास्कबारच्या कोपऱ्यातली खूण बदललेली असते, पण तिथे बघतो कोण? सगळे ब्रश शोधत असतात. मी विंडोजच्या सेटिंगमधून ही जोडी बंदच करून टाकली आहे आणि भाषा बदलायला विंडोज-स्पेस वापरते. आमच्या तिन्ही मशीनवर तसंच आहे.

फेदरचा आकडा

लॅसो किंवा मार्की (चौकोनी किंवा गोल निवडायचं टूल) घेतल्यावर वरच्या पट्टीत फेदरचा, म्हणजे कड मऊ करण्याचा, रकाना असतो. तिथे टाकलेला आकडा तुम्ही बदलेपर्यंत तसाच राहतो. काल रात्री ४० ठेवून गेलात, तर आज सकाळी काढलेली प्रत्येक कड धुरकट येणार. शिवाय फेदर पिक्सेलमध्ये मोजतात. २४ मेगापिक्सेलच्या ६००० बाय ४००० फोटोत १० पिक्सेल कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो ३०० रिझोल्यूशनला जेमतेम ४१३ बाय ५३१ असतो, तिथे त्याच १० पिक्सेलमध्ये कान विरघळतात. आणि सिलेक्शन लहान, फेदर मोठा असं झालं, की एकही पिक्सेल पन्नास टक्क्यांहून जास्त निवडला गेला नाही अशी सूचना येते. मुलं ती न वाचता ओके करतात. मुंग्या दिसत नाहीत, सिलेक्शन मात्र असतं, म्हणजे पुन्हा आजींचीच गोष्ट. मी वरचा रकाना कायम शून्यावर ठेवते आणि लागेल तेव्हा शिफ्ट-एफ६ दाबून फेदर देते.

थोडक्यात उरकण्यासारख्या

ब्रश लाल चालतोय? चुकून क्यू दाबून क्विक मास्क (ब्रशने सिलेक्शन रंगवायची सोय) चालू झालाय, पुन्हा क्यू दाबा. तो लाल रंग छापखान्यात मास्किंगसाठी वापरायच्या लाल फिल्मवरून आलेला आहे.

ब्रशचा गोल जाऊन फुली आली? कॅप्स लॉक बंद करा.

सगळी पॅनेल गायब झाली? टॅब दाबा.

मार्कीचा गोल चुकीच्या जागी सुरू झाला? माउस न सोडता स्पेस धरा आणि सरकवा. हे शिकलेला माणूस पुन्हा सोडत नाही.

कंट्रोल-झेड जुन्या मशीनवर दहा वेळा दाबून काही होत नसेल तर ते बरोबरच आहे. ऑक्टोबर २०१८च्या आवृत्तीपासून ते एकेक पाऊल मागे जातं. त्याआधी ते एक पाऊल मागे आणि तेच पुढे असं चालायचं, त्यामुळे दहा वेळा दाबलं की जिथल्या तिथे. पुण्यात अजून कितीतरी दुकानांत जुनी आवृत्ती आहे, तिथे कंट्रोल-ऑल्ट-झेड लागतं.

मुंडावळ्या कापणं

२०१८मध्येच सिलेक्ट सब्जेक्ट आलं आणि एका क्लिकमध्ये माणूस निवडला जाऊ लागला. वेळ वाचतो, मी नाकारत नाही. पण नवरीच्या गालाशी लोंबणारी मुंडावळी त्यातून हमखास सुटते. अर्धे मोती राहतात, मधला दोरा जातो, गोंडा हवेत. घाईतली मुलं तसंच इन्व्हर्स (निवड उलटी) करून डिलीट मारतात. पिक्सेल गेले, फाइल सेव्ह झाली, बंद झाली, संपलं. आपल्याकडे लग्नाच्या फोटोत लोक आधी मुंडावळ्या, नथ आणि हिरवा चुडा बघतात, पार्श्वभूमी नंतर.

मी डिलीट वापरतच नाही, लेयर मास्क लावते. आधी सिलेक्ट सब्जेक्ट, मग क्यू, मग दोनशे टक्के झूम आणि मोत्याएवढा कडक ब्रश. पांढऱ्या रंगाने एका मोत्यावर क्लिक, शिफ्ट धरून खालच्या मोत्यावर क्लिक, मधली रेघ आपोआप भरते. असं गोंड्यापर्यंत उतरायचं. दोन्ही बाजूंच्या मुंडावळ्यांना दहा मिनिटं लागतात. मग क्यू दाबून बाहेर, आणि मास्क लावण्याआधी सिलेक्ट मेनूतून सेव्ह सिलेक्शन. नाव द्यायचं 'नवरी-मुंडावळीसह'. फाइल पीएसडीतच ठेवायची, जेपेगमध्ये ते सिलेक्शन टिकत नाही. दिवाळीच्या सुमारास त्याच घरून फोन येतो, "ताई, तो फोटो मोठा करून द्याल का, मागचं कार्यालय काढून?" तेव्हा फाइल उघडायची, चॅनेल पॅनेलमध्ये त्या नावावर कंट्रोल धरून क्लिक करायचं, की ते सिलेक्शन परत येतं.