दुचाकी दिसली की तोंडाने म्हणा

गोव्यातल्या पर्वरीच्या आतल्या रस्त्यावरून गाडी मुख्य रस्त्यावर काढताना उजवीकडे पाहिलेली स्कूटर डावीकडे पाहून होईपर्यंत डोक्यातून निसटू शकते. डोळ्यांनी पाहिलेले मन काही सेकंदच धरून ठेवते, तेही एका वेळी साधारण 3-4 गोष्टीच. मध्येच होर्डिंग वाचले, फोनवर नजर गेली, तर त्याच मोजक्या जागेत ते घुसते. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली सिम्युलेटरवर हेच टिपले: चालकांनी मोटारसायकलकडे पाहिलेले होते, तरी काहींना ती क्षणभरानंतर आठवेना.

त्यांनी सुचवलेला उपाय फुकटचा आहे. पायलटची, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्याची, मोटारसायकल असो वा पर्यटकाची भाड्याची स्कूटर, दिसताक्षणी 'उजवीकडून दुचाकी' असे मोठ्याने म्हणा. शब्दांची स्मृती चित्रांच्या स्मृतीपेक्षा वेगळी चालते. म्हणून नजर दुसरीकडे गेली तरी नोंद टिकते. शेजारी बसलेले हसतील, हसू द्या.

क्रम असा ठेवा: गाडी पूर्ण थांबवा, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि मगच क्लच सोडा. शेवटची नजर जवळच्या लेनवर हवी, कारण गाडी पुढे सरकताच धडक तिथूनच बसते. सतत मान फिरवून फायदा नाही. प्रत्येक नव्या नजरेसरशी आधीचे पुसट होते.

गाडीच्या पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाआड लपलेली दुचाकी ही मात्र स्मृतीची चूक नव्हे. तिथे मान किंचित पुढे झुकवूनच पाहावे लागते, पावसात तर हमखास.