राउटरचे भाडे आणि न मिटणारी तक्रार : या चुका टाळा

ब्रॉडबँडची पहिली चूक जोडणी घेतो त्याच दिवशी होते. तंत्रज्ञ भिंतीवर राउटर बसवतो, वायफाय सुरू होते, आपण सही करून मोकळे होतो. पण ते यंत्र आपण विकत घेतले, भाड्याने घेतले की अनामत रक्कम ठेवून वापरायला घेतले, हे विचारायचे राहूनच जाते. भाडे असेल तर यंत्राची किंमत वसूल झाली म्हणून ते आपोआप थांबत नाही. अनामत रक्कम असेल तर ती बरेचदा मागितल्याशिवाय परत येत नाही. ‘मोफत’ राउटर बहुधा ठरावीक मुदतीच्या कराराला बांधलेला असतो आणि मुदतीआधी जोडणी सोडली की त्याची किंमत अखेरच्या बिलात येते. म्हणून सही करण्यापूर्वी यातले काय लागू आहे, ते लेखी मागून घ्यावे.

भाडे टाळायचे म्हणून बाजारातून राउटर आणून लावणारेही एक गोष्ट विसरतात. फायबर जोडणीत प्रकाशाच्या संकेतांचे रूपांतर करणारे ओएनटी आणि घरभर वायफाय देणारा राउटर ही दोन वेगळी कामे असून ती अनेकदा एकाच डब्यात असतात. ओएनटीची नोंद कंपनीच्या यंत्रणेत अनुक्रमांकाने झालेली असल्याने ते परस्पर बदलता येत नाही. तेव्हा खरेदीपूर्वीच ओएनटी ब्रिज मोडवर (म्हणजे ओएनटीने फक्त संकेत पुढे द्यायचा आणि राउटरचे काम आपल्या यंत्राने करायचे) लावून मिळेल का आणि पीपीपीओईचे, म्हणजे राउटरने कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याच्या पद्धतीचे, वापरकर्तानाव व पासवर्ड मिळतील का, हे विचारावे. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचे मोडेम वा राउटर निवडण्याचा कायदेशीर हक्क आहे, तर अमेरिकेत २० डिसेंबर २०२० पासून ग्राहक स्वतःचे यंत्र वापरत असेल तर कंपनीला न दिलेल्या यंत्राचे भाडे आकारता येत नाही. मात्र कंपनीचा जुना राउटर कपाटात पडून असेल, तर कंपनीच्या लेखी तो दिलेलाच असतो आणि भाडे चालू राहते.

सर्वांत महागात पडणारी चूक मी स्वतः केली आहे. आमचा राउटर जळाला, तंत्रज्ञ आला, दहा मिनिटांत दुसरा बसवून जुना पिशवीत टाकून घेऊन गेला आणि मी कसलीही नोंद मागितली नाही. पुढे जोडणी बंद करताना मी राउटर रीतसर परत केला, तरी ‘यंत्र परत मिळाले नाही’ या नावाखाली त्याची पूर्ण किंमत बिलात लागली, कारण कंपनीच्या नोंदीत जळालेल्या राउटरचाच अनुक्रमांक होता. प्रत्येक फोनला नवा प्रतिनिधी आणि प्रत्येकाला पहिल्यापासून हकिगत! हा वाद अखेर एका छायाचित्रामुळे मिटला. पाहुण्यांना वायफायचा पासवर्ड देता यावा म्हणून मी नव्या राउटरच्या मागच्या लेबलचा फोटो काढला होता; त्यावर अनुक्रमांक स्पष्ट दिसत होता आणि फोटोची तारीख दुरुस्तीच्या संदेशातील तारखेशी जुळत होती. तेव्हापासून यंत्र बदलले की मी दोन्ही लेबलांचे फोटो काढतो. परतीच्या पावतीवर नुसते ‘राउटर मिळाला’ असे चालवून घेऊ नये; अनुक्रमांक, तारीख आणि अडॅप्टर दिल्याचा उल्लेख लिहून घ्यावा.

वेगाची तक्रार करण्यापूर्वी लॅन केबल लावून वेग मोजावा, नाहीतर ‘दोष तुमच्या वायफायचा’ हे उत्तर ठरलेले आहे. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) जोडणीवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइटनेच उतरते, कारण एका बाइटमध्ये ८ बिट असतात. हा कंपनीचा दोष नव्हे. ओएनटीवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशाचा संकेतच पोहोचत नाही, हे प्रतिनिधीला याच शब्दांत सांगावे. पीपीपीओईचा तपशील लिहून ठेवल्याशिवाय, कोणी सांगितले तरी, फॅक्टरी रीसेटची कळ दाबू नये. राउटरमधली सगळी मांडणी (सेटिंग) पुसली जाते आणि बंद पडलेली जोडणी आणखी लांबते.

बिलाची आणि बिघाडाची तक्रार एकाच क्रमांकाखाली नोंदवू नये. लाइन सुरू झाली की तांत्रिक तक्रार ‘निवारण झाले’ म्हणून बंद होते आणि तिच्यासोबत भाड्याचा मुद्दाही बुडतो. बिलाची हरकत ईमेलने, आकारणीचे नाव आणि महिना लिहून, स्वतंत्रपणे पाठवावी. रागाच्या भरात सगळेच बिल थांबवले तर सेवा तुटते आणि विलंब आकार वाढतो. वादात नसलेली रक्कम भरावी आणि उरलेल्या रकमेवरील हरकत लेखी कळवावी. जोडणी बंद केल्यावर बँकेतील आपोआप वजावट रद्द करण्यापूर्वी अंतिम बिल हाती घ्यावे आणि खात्यावर येणे बाकी नसल्याचे पत्र मागावे. अनामत रक्कम जमा होईपर्यंत परतीची पावती जपून ठेवावी.